विद्येचे वतन आणि मंडळीची रीत

मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदरकडे वळणारा जुना रस्ता ज्या ठिकाणी एकमेकांपासून अलग होतात, त्या नाक्यावरील माजिवडा हे एके काळी ठाणे शहराच्या वेशीबाहेरचे, आगरी-कोळ्यांच्या वस्तीचे आणि भातशेतीवर गुजराण करणारे खेडे होते. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि भोवतालच्या अनेक खेड्यांबरोबर माजिवडाही तिच्या हद्दीत सामील झाले, तेव्हा सरकारी दफ्तरात त्याची गणना शहरात होऊ लागली. परंतु त्याचे अंतरंग पालटण्यास त्यापूर्वीच प्रारंभ झाला होता. ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून चालत होती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तिचा समारंभही ठाण्याच्या वागळे वसाहतीतच पार पडला. आणि त्या सुमाराच्या दशकांत पोखरण, कोलशेत, बाळकुम या टापूत रंग, रसायने आणि यंत्रे यांचे कारखाने उभे राहून, भातखाचरांत राबणाऱ्यांची मुले पाळीच्या भोंग्याबरोबर उठू-बसू लागली.

या कारखानदारीच्या इतिहासात भांडवल, संप, टाळेबंदी आणि जमिनींचे व्यवहार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु तेथे विद्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या रीतीने जात असे, याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच गेले. हेल्पर म्हणून लागलेला पोरगा लेथवर हात ठेवण्याची मुभा मिळण्यापूर्वी कित्येक महिने नुसता लोखंडाचा कीस झाडीत असे, आणि मिस्त्री पात्याचा कोन बसविताना जे काही करी, ते त्याला पाठीमागून, न विचारता, जमेल तेवढे टिपून घ्यावे लागे. विचारलेले मिस्त्रीला रुचत नसे. त्याला कृपण ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. कारण शेतकऱ्याला जमीन, वतनदाराला वतन, तसे त्याला त्याचे हुनर होते, आणि ते शागिर्दाच्या हाती बिनतक्रार सुपूर्द करणे म्हणजे आपली मिरास आपणच दुसऱ्याच्या नावे लिहून देणे होते. विद्या ही स्थावर मिळकतीसारखी राखावयाची वस्तू आहे, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजलेली आहे की, तिच्यावाचून दुसरी एखादी व्यवस्था संभवते, हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

आज त्याच माजिवड्यात, कारखान्यांच्या मोकळ्या झालेल्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून, संगणकाच्या पेशावर जगणारी एक सबंध पिढी राहते, आणि तिच्यातील कितीकांची खरी तालीम कोणत्याही एका मिस्त्रीजवळ झालेली नाही. ती झाली ज्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नाहीत अशा, हेलसिंकीपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या, वेतन न घेता एकमेकांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या मंडळीत. या मंडळीने आपल्या सभासदांची आयुष्ये पालटली, हे सर्वजण मान्य करतात. ती कशामुळे पालटली, याचा शोध घेण्यासाठी मात्र इतिहासात बरेच मागे जावे लागते, आणि सुदैवाने त्या इतिहासाचा आरंभ माजिवड्यापासून थोड्याच अंतरावर सापडतो.

१ जून १८९३ रोजी ठाणे शहरात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार म्हणून विख्यात झालेले विनायक लक्ष्मण भावे, त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. मराठी भाषेत छापलेले प्रत्येक पुस्तक एके ठिकाणी जमवावे आणि ते वाचू इच्छिणाऱ्यासाठी खुले ठेवावे, हा संकल्प त्या काळी साहसाचाच होता. कारण ग्रंथ हा तोवर पुष्कळ अंशी घराण्याच्या, मठाच्या अथवा पंथाच्या मालकीचा होता. याच भाव्यांनी पुढे महानुभाव वाङ्मयाच्या बाबतीत जे कार्य केले, ते या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्यामुळे, मराठी गद्याचे अतिप्राचीन वैभव कित्येक शतके मराठी माणसालाच वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि भावे यांच्यासारख्यांनी त्या लिप्यांचा उलगडा करून ते धन सर्वांपुढे मांडले. पंथाने ते झाकून ठेवले त्यामागे परचक्राचे भय आणि श्रद्धेची निष्ठा होती, हे विसरता कामा नये. तथापि ती लिपी उलगडताच मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला, एवढे सामर्थ्य त्या एका उघडण्यात होते.

संगणकाच्या इतिहासातही प्रथम झाकलेलेच दिवस आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले. शीतगृहासारख्या खोलीत बसविलेल्या त्या यंत्रापाशी सामान्य विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता, छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची चळत खिडकीतून आत द्यावी आणि उत्तराची वाट पाहावी, असा तेथील शिरस्ता होता. त्यानंतर लवकरच, १९६५ मध्ये, संगणक वापरणारे लोक एकत्र येऊन ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. यंत्र आले की त्याच्याभोवती मंडळी जमते, हा नियम येथेही चुकला नाही. परंतु ती मंडळी विद्वानांची आणि अधिकाऱ्यांची होती. ठाण्या-कल्याणच्या चाळीतील मुलाला तिच्या सभेत बसण्यासाठी आधी पदवीची सनद, आणि सनदेनंतर नोकरी, मिळवावी लागे.

मराठी भाषेच्या वाट्याला तर निराळेच बंधन आले. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढविले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने लिप्यांचा एक समान संकेतही जाहीर केला. असे असूनही छापखान्यांत व कचेऱ्यांत जे मराठी टंक रूढ झाले, त्यांत प्रत्येक कंपनीने अक्षरांची आपापली खाजगी मांडणी वापरली. परिणामी, एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला असता निरर्थक चिन्हांची रास दिसे; ठाण्याच्या छापखान्यात जुळविलेले पुस्तक पुण्याच्या छापखान्याला वाचता येत नसे. महानुभावांनी भयापोटी व श्रद्धेपोटी जे केले होते, तेच व्यापाराने येथे सोयीपोटी केले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी भाषा पुनश्च अनेक सांकेतिक लिप्यांत विभागली गेली.

या बंदिस्तपणाला प्रत्युत्तर देणारा विचार तोवर जगात अन्यत्र मूळ धरून होता. २७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत अशी घोषणा केली की, संगणक चालविणारी एक संपूर्ण प्रणाली आपण लिहू आणि ती कोणालाही वापरण्यास, वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली राहील. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून लिहीत असलेल्या प्रणालीची वार्ता यूजनेट या संगणकीय चर्चाजाळ्यावरील परिचित मंडळीला कळवून तिच्याकडून सूचना मागविल्या. त्या वेळी त्याचेही वय एकवीसच होते. ठाण्यातील तरुणाने जमविलेली पुस्तके आणि हेलसिंकीतील तरुणाने लिहिलेले संकेत यांत बाह्यतः काहीही साम्य नाही. परंतु दोघांनीही आपले अपुरे काम लोकांपुढे ठेवून त्यात भर घालण्याची विनंती केली, आणि ज्यांनी भर घातली ते त्या कामाचे केवळ ग्राहक न राहता वाटेकरी झाले. टॉरवल्ड्सच्या त्या प्रणालीचा, म्हणजे लिनक्सचा, विस्तार कोणत्याही एका कंपनीच्या तनख्यावर झाला नाही. तो उत्तरे देणाऱ्यांच्या या वाटेकरीपणावर झाला.

भारतात हे वारे प्रथम विद्यापीठांच्या जाळ्यातून शिरले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी यांच्यासारख्या संस्था १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अर्नेट’ने जोडल्या गेल्या होत्या, सामान्य नागरिकाला मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आंतरजालाचे दार उघडेपर्यंत थांबावे लागले. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वस्त खात्यावर चित्रे दिसत नसत, काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. दूरध्वनीचा आकार रात्री कमी लागे म्हणून घरातील माणसे निजल्यावर मोडेमची किरकिर सुरू होई. आणि संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या तबकडीतून लिनक्स बसविताना जुना विदा पुसला जाऊन घरच्यांची बोलणी खावी लागत. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील पुष्कळ मुले याच रीतीने शिकली. ज्या महाविद्यालयात ती नाव नोंदवून बसत, तेथील प्रयोगशाळेत त्यांना आठवड्यातून एखादा तास यंत्र मिळे. परंतु रात्री विचारलेल्या शंकेचे उत्तर सकाळी कोणा अज्ञात जर्मन अथवा बंगाली माणसाकडून आलेले असे, आणि ते देताना त्याने यांची जात, पदवी किंवा वडिलांचा हुद्दा विचारलेला नसे.

मराठी बोलणाऱ्यांची मंडळीही याच काळात जमली. १६ सप्टेंबर १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतील मराठी माणसाच्या पुढाकाराने ‘मायबोली’ सुरू झाली. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘मिसळपाव’ अशी संकेतस्थळे निघाली. युनिकोड या जागतिक लिपिसंकेताने १९९१ मध्येच देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग देऊन ‘क’ला २३२५ हा क्रमांक बहाल केला होता, आणि तो क्रमांक जगातील प्रत्येक यंत्रावर तोच राहणार होता, परंतु तो कागदावरचा हक्क प्रत्यक्ष अंमलात येण्यास विंडोज २००० आणि तिच्यातील ‘मंगल’ हा टंक यावा लागला. ‘मंगल’चे रेखाटन सुलेखनाचे थोर आचार्य र. कृ. जोशी यांनी केले होते. एवढे झाल्यावरही मराठीची खास दुखणी उरलीच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील दोन निराळे अर्धे ‘र’ यंत्राला नीट उमगत नव्हते. ‘ॲ’ या अक्षराला तर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्थान मिळेपर्यंत जोडतोड करूनच लिहावे लागे. या अडचणींची तक्रार करणारे, त्यावर तोडगा काढणारे, तो तोडगा नवागतांना पुनःपुन्हा समजावून सांगणारे आणि रोमन कळफलकावरून मराठी टंकनाची साधने घरच्या वेळात रचून ती विनामूल्य वाटणारे लोक हे बहुतांशी निरनिराळ्या व्यवसायांतील सामान्य सदस्य होते. राज्य शासनाने मराठीसाठी प्रमाणीकृत देवनागरीचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. तोवर ही मंडळी कित्येक वर्षे त्याच प्रश्नांशी झुंजत आली होती.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी वर्गणीदारांच्या व भागधारकांच्या बळावर २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईस मराठी विश्वकोश उभा राहिला; या दोन्ही महान उद्योगांत लिहिणारा तज्ज्ञ आणि वाचणारा जिज्ञासू यांच्यामध्ये एक रेषा होती, आणि त्या काळी ती असणे युक्तही होते. विकिपीडियाने ती रेषा पुसली. आज तेथे नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. त्यांतील कित्येक त्रोटक आहेत, काही सदोष आहेत, आणि केतकरांच्या व्यासंगाशी त्यांची तुलना करणे उचित होणार नाही. परंतु ज्ञानकोश वाचून मराठी माणूस बहुश्रुत झाला, तर विकिपीडियात लिहून तो संदर्भ शोधण्यास, आपले विधान दुसऱ्याने खोडल्यास संताप आवरण्यास आणि पुराव्यानिशी पुन्हा मांडण्यास शिकला. ही निराळ्या जातीची विद्या आहे आणि ती वाचनाने येत नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. अशा मंडळीत सामील झालेल्या माणसाचे आयुष्य पालटते, ते कशामुळे? सर्वसाधारण समजूत अशी की, त्याला फुकट ज्ञान मिळते, ज्ञानाने नोकरी मिळते आणि नोकरीने घर चालते. यात तथ्य आहे. एखाद्या अपरिचित महाविद्यालयाच्या पदवीला मुंबईच्या कचेरीत जो मान मिळाला नसता, तो सार्वजनिक प्रणालीत केलेल्या दुरुस्त्यांना मिळाला, कारण ते काम कोणालाही पाहता व तपासता येत होते आणि त्यास शिफारसपत्राची गरज नव्हती. तथापि केवळ ज्ञान मिळण्याने माणूस पालटत असता, तर प्रत्येक वाचनालयाचा प्रत्येक सभासद पालटला असता. माझे मत असे की, खरा पालट त्या दिवशी घडतो, ज्या दिवशी कालपर्यंत शंका विचारणाऱ्याला दुसरा कोणी शंका विचारतो आणि तिचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते देण्याचे कर्तव्यही आपलेच आहे, असे त्याच्या ध्यानी येते.

त्या एका क्षणात त्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचा पाया हलतो. आपल्या समाजात अधिकार हा जन्माने, वयाने, पदवीने अथवा हुद्द्याने येतो, आणि तो ज्याला आला नाही त्याने ऐकून घ्यावे, अशी रीत आहे. मंडळीच्या रीतीत अधिकार उत्तराच्या खरेपणातून येतो व चुकीचे उत्तर देताच तो कमी होतो. वसईच्या शाळेतील शिक्षक, डोंबिवलीच्या बँकेतील कारकून, लहान मूल निजल्यावर टंकनाला बसणारी गृहिणी, आयटीआयमधील विद्यार्थी यांच्यापैकी कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट सांगण्यासाठी आधी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. फायरफॉक्स, उबुंटू, लिब्रेऑफिस या मुक्त प्रणालींच्या आज्ञा मराठीत आणणाऱ्यांत पुष्कळसे असे स्वयंसेवक होते. त्यांनी शब्दांवर वाद घातले, पर्याय सुचविले, दुसऱ्याचा पर्याय उजवा दिसल्यास आपला मागे घेतला. मिस्त्रीच्या हाताखाली ज्याने केवळ पाठीमागून पाहिले असते, त्याला येथे समोर बसण्याचा हक्क मिळाला, आणि त्या हक्काबरोबरच विद्या राखून न ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

या रीतीचे दोष झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. तिचा दरवाजा उघडा असला तरी त्यावरील पाटी बहुधा इंग्रजीत होती, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीकांनी ती वाचूनच पाऊल मागे घेतले. स्त्रियांची संख्या या मंडळींत अल्प राहिली; रात्री जागण्यास मोकळा वेळ, घरात स्वतंत्र यंत्र आणि अनोळखी माणसांच्या उद्धट भाषेला तोंड देण्याची तयारी, या तीन अटी न लिहिताही लागू होत्या, व त्या पुऱ्या करणे पुरुषांना सोपे होते. नवागताची शंका बाळबोध वाटल्यास तिची अवहेलना करणारे जुने सदस्य जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघाले. म्हणजे ज्यांनी मिरासदारी मोडली, त्यांच्यातच नवे मिरासदार उत्पन्न झाले. यावर उपाय योजणाऱ्यांची नोंदही त्याच न्यायाने घेतली पाहिजे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गल्लोगल्लीच्या वर्गांतून संगणकाची पहिली भीती घालविली, आणि आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने मुक्त प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या निवेदनात उपलब्ध करून दिले. दाराची पाटी मराठीत लिहिणे हेही दार उघडण्याइतकेच मोठे काम आहे.

अलीकडे एक निराळीच परिस्थिती उद्भवली आहे. २०२२ च्या अखेरीपासून, विचारलेल्या शंकेचे तत्काळ उत्तर देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. ती रागावत नाहीत, थकत नाहीत आणि शंका बाळबोध आहे म्हणून हिणवीत नाहीत. ज्या विद्यार्थ्याला मंडळीच्या दारात अपमान सोसावा लागला असता, त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे, आणि तिचे स्वागत केले पाहिजे. ही यंत्रे ज्या लिखाणावर शिकली, त्यात या मंडळींनी वर्षानुवर्षे विनामूल्य लिहिलेल्या उत्तरांचाही वाटा आहे, ही गोष्टही कृतज्ञतेने स्मरणात ठेवली पाहिजे. चिंता एवढीच की, यंत्र उत्तर देते, परंतु त्याच्या मोबदल्यात उद्या दुसऱ्याला उत्तर दे, असे सांगत नाही. घेणे राहते आणि देण्याची पाळी येत नाही. मनुष्य पालटतो तो देण्याच्या पाळीने, हे जर खरे असेल, तर ज्ञान पूर्वीपेक्षा सुलभ होऊनही माणसे पूर्वीइतकी न घडण्याचा संभव आहे.

म्हणून या पुढील काळात मंडळी जाणीवपूर्वक जमवाव्या लागतील. केवळ गरजेपोटी त्या जमतील, अशी खात्री उरलेली नाही. २४ एप्रिल १९६६ रोजी स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञान मराठीत सांगण्यासाठी माणसांना एकत्र आणले, ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाने आपले दुर्मीळ ग्रंथ अंकीय स्वरूपात वाचकांना खुले केले. या संस्थांच्या सभागृहांत आणि ठाणे-कल्याणच्या महाविद्यालयांत, जेथे शिकलेल्याला शिकविण्याची पाळी सक्तीने यावी असे नियमित मेळावे भरले पाहिजेत. ज्याचे यंत्र अडले त्याने यावे, ज्याचे गेल्या महिन्यात सुटले त्याने समोर बसावे, आणि दोघांत पदवीचा अथवा वयाचा भेद मानू नये. माजिवड्याच्या कारखान्यांतील मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे हुनरही गेले, कारण ते घेण्यास उत्सुक हात असूनही ते देण्याची रीत तेथे नव्हती. संगणकाच्या पिढीला ती रीत आयती मिळाली आहे, आणि तिने ती पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली नाही, तर तो दोष परिस्थितीचा ठरणार नाही, तिचा स्वतःचा ठरेल.